रिकाम्या यंत्राचे वीजबिल

कोयना प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे आणि त्यांपैकी १,००० मेगावॉट एकट्या चौथ्या टप्प्याची आहे. १३ मार्च १९९९ रोजी शिवाजीसागराच्या तळाशी स्फोट घडवून त्याचे पाणी या टप्प्याच्या बोगद्यात घेण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रातील अभियंत्यांच्या कौशल्याची सर्वत्र वाखाणणी झाली. परंतु ही हजार मेगावॉटची यंत्रे रात्रंदिवस फिरत राहतील अशी अपेक्षा तेव्हाही कोणी धरलेली नव्हती. कोयनेचे किती पाणी पश्चिमेकडे वळवावयाचे याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घालून दिलेली आहे. पाणी मोजके, म्हणून विजेची मागणी शिगेला पोहोचते त्या तासांत यंत्रे चालवावयाची आणि मागणी ओसरली की थांबवावयाची, हा तेथला व्यवहार आहे. जलविद्युत यंत्राला तो साधतो. काही मिनिटांत ते पूर्ण भार उचलते, आणि थांबल्यावर पाणी पीत नाही.

ज्या सातारा जिल्ह्यातून हे पाणी जाते तेथे आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एका जातीची यंत्रे हजारोंच्या संख्येने येऊन बसली आहेत, आणि त्यांना थांबणे ठाऊक नाही. बँका, पतसंस्था, साखर कारखाने, बाजार समित्या, महाविद्यालये, नगरपालिका, रुग्णालये यांच्या कचेऱ्यांत मागच्या बाजूला एक बंद खोली असते. आत वातानुकूलन यंत्राचा सततचा आवाज, भिंतीशी बॅटऱ्यांची रांग, आणि लोखंडी कपाटात हिरवे दिवे लुकलुकणारा सर्व्हर. संस्थेच्या साऱ्या संगणकांना माहिती पुरविणारा हा मुख्य संगणक. या खोलीत कोणी फारसे जात नाही. तेथे किती वीज जाते हेही सहसा कोणी पाहत नाही, कारण त्या खोलीचा वेगळा मीटर नसतो आणि संस्थेच्या नफातोटा पत्रकात ‘वीज’ ही एकच ओळ असते.

सर्व्हर खरेदीचा विषय संचालक मंडळापुढे येतो तेव्हा चर्चा दोनच गोष्टींची होते. यंत्र जास्तीत जास्त वेगवान असावे आणि किंमत कमीत कमी असावी. निविदा मागवल्या जातात, दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता तयार होतो, किंमत सर्वांत कमी त्याला काम मिळते. यंत्र जड वस्तूंच्या नोंदवहीत चढते आणि पुढे दरवर्षी त्याचा घसारा निघतो. या सर्व कागदपत्रांत ते यंत्र दर तासाला किती वीज खाईल याचा एक अंकही नसतो. खरेदी भांडवली खर्चात जाते, वीज महसुली खर्चात. खरेदीची शिफारस करणारा अधिकारी एक आणि वीजबिलाचा धनादेश लिहिणारा लिपिक दुसरा. दोघांची खाती जशी निराळी तशा त्यांच्या चिंताही निराळ्या. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. खर्च ज्या खात्यात दिसतो तेथे त्याचा विचार होतो, एवढीच ही गोष्ट आहे.

आणि वेगाचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असेही नव्हे. ज्याने महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनधारकांची रांग पाहिली आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्यात पोहोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि ऊसबिले जमा होतात त्या दिवशी या दोन जिल्ह्यांतील सहकारी बँकांच्या शाखांत किती झुंबड उडते हेही येथल्या वाचकाला ठाऊक आहे. त्या दिवशी सर्व्हर अडखळला, प्रत्येक नोंदीला अर्धे मिनिट जास्त लागले, तर तिष्ठत राहणाऱ्या शेकडो माणसांचे तास वाया जातात. त्या तासांचे मोल कोणत्याही हिशेबात लिहिले जात नाही, पण ते विजेच्या मोलाहून कमी नाही. वीज वाचविण्यासाठी कमकुवत यंत्र घ्यावे असे म्हणणारा माणूस बहुधा रांगेत उभा राहिलेला नसतो.

पण अशी झुंबड वर्षातून किती तास उडते? वर्षाचे एकूण तास ८,७६०. कार्यालय वर्षातले २९० दिवस आणि रोज आठ तास चालते असे धरले, तर कामाचे तास २,३२० भरतात. म्हणजे जवळजवळ तीनचतुर्थांश वेळ कचेरीला कुलूप असते. उरलेल्या पाव हिश्श्यातही खरी गर्दी महिन्यातल्या चार-सहा दिवसांची. साखर कारखान्यात तर वजनकाटा, गाळप आणि ऊसबिले यांचा सारा भार हंगामाच्या चार-पाच महिन्यांत एकवटतो. एटीएम आणि मोबाइलवरून होणाऱ्या व्यवहारांमुळे बँकेच्या मुख्य यंत्रांना रात्रीही काम असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु गावातल्या पतसंस्थेच्या किंवा महाविद्यालयाच्या सर्व्हरला रात्री दोन वाजता कोणी काही विचारीत नाही.

या रिकाम्या वेळात यंत्र काय करते, हा खरा प्रश्न. गूगल कंपनीतील लुईझ बारोसो आणि उर्स होल्झ्‌ले या दोन अभियंत्यांनी २००७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पाच हजारांहून अधिक सर्व्हर सहा महिने तपासल्यावर असे दिसले की, ती यंत्रे पूर्ण क्षमतेने जवळजवळ कधीच चालत नाहीत आणि पूर्ण रिकामीही क्वचितच असतात. बहुतेक वेळ त्यांच्यावर दहा ते पन्नास टक्के भार असतो. मात्र त्या काळचे चांगले यंत्रही काहीच काम नसताना पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज घेत होते. दिवसभर झाडाखाली बसलेल्या गड्याला निम्मी मजुरी द्यावी तसा हा प्रकार. भार जितका तितकीच वीज, हे सर्व्हरच्या रचनेचे ध्येय असले पाहिजे असे त्या दोघांनी मांडले. पुढे उत्पादकांनी त्या दिशेने पुष्कळ काम केले आणि चांगल्या यंत्रांत रिकाम्या वेळेची वीज पूर्ण भाराच्या पाव ते एकतृतीयांशापर्यंत उतरली. परंतु दरम्यान पूर्ण भाराचा आकडाच वाढला. सर्व्हरच्या एका प्रोसेसरला २०१० च्या सुमारास १३० वॅट हा मोठा आकडा वाटे. २०२४ साली बाजारात आलेल्या सर्वांत मोठ्या प्रोसेसरांचा आकडा ५०० वॅटवर गेला आहे. पाचशेचा पाव हिस्सा म्हणजे जवळजवळ जुने पूर्ण यंत्रच.

वेग आणि वीज यांचे नाते सरळ त्रैराशिकाचे नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ते समजून घेण्यास सांगली जिल्ह्यातील वाचकाला फार लांब जावयास नको. १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसविलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ साली अपकेंद्री पंप तयार झाला. या पंपाचा एक नियम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. पंपाचे पाते ज्या वेगाने फिरते त्या प्रमाणात पाणी मिळते, पण वीज मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर पाणी वीसच टक्क्यांनी कमी होते. वीज मात्र निम्म्यावर येते, कारण ०.८ चा घन ०.५१२ आहे. प्रोसेसरचे गणित याच्याशी चमत्कारिकरीत्या जुळते. त्याला लागणारी वीज विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या आणि ठोक्यांच्या वेगाच्या गुणाकाराप्रमाणे वाढते. ठोके मंद केले की दाबही कमी करता येतो. म्हणून येथेही वेगाचा घनच प्रकट होतो. शेवटच्या वीस टक्के वेगासाठी जवळजवळ निम्मी वीज खर्ची पडते, ती अशी.

पंपाच्या या नियमाला एक अपवाद आहे, आणि तोही या भागात डोळ्यांसमोर आहे. कराडजवळच्या टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने खानापूर-आटपाडीकडे चढविले जाते. ताकारी आणि म्हैसाळ या योजनाही तशाच. तेथे पाण्याला ठरावीक उंची चढावीच लागते. पंपाचा वेग एका मर्यादेखाली नेला तर वीज खर्च होईल आणि वर थेंबही पोहोचणार नाही. प्रोसेसरलाही अशी उंची आहे. विद्युत्‌दाब एका मर्यादेखाली नेता येत नाही, आणि काम नसतानाही सूक्ष्म गळतीचा प्रवाह चालूच राहतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की, घटक जसजसे बारीक होतील तसतसा दाबही उतरवता येईल आणि तेवढ्याच विजेत अधिक काम होईल. तीस वर्षे संगणकांची घोडदौड याच आधारावर चालली. २००५ च्या सुमारास ती किमया सरली. वेगाच्या मागे लागलेले प्रोसेसर इतके तापू लागले होते की, इंटेलने ‘तेजस’ नावाचा आपला नियोजित प्रोसेसर मे २००४ मध्ये सोडून दिला. त्यानंतर एका प्रोसेसरात अनेक गाभे बसविण्याचा मार्ग धरला गेला. एकच बैल जोरात हाकण्याऐवजी चार बैल सावकाश चालवावे, असा तो विचार. परंतु चार बैलांना पुरेल एवढे काम नसेल तर चौघांचीही वैरण तेवढी लागते.

या वैरणीचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दिवसरात्र सरासरी २०० वॅट घेणारा एक सर्व्हर वर्षाला १,७५२ युनिट वीज घेतो. पण ही वीज यूपीएसमधून येताना काही वाया जाते, आणि यंत्रात शिरलेली सर्व वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढण्यास वातानुकूलनाला आणखी वीज लागते. यंत्राच्या प्रत्येक युनिटामागे हा वरखर्च ०.८ युनिट धरला तर वर्षाचा आकडा ३,१५० युनिटांच्या घरात जातो. व्यापारी वीज, सर्व आकार मिळून, युनिटला बारा रुपये पडते असे मानले तर वर्षाला ३७,८०० रुपये, पाच वर्षांत एक लाख ८९ हजार. एक यंत्र बंद पडल्यास दुसरे हवे म्हणून बहुतेक ठिकाणी दोन असतात. मग पावणेचार लाखांहून अधिक. गृहीतके प्रत्येक संस्थेने आपल्या बिलावरून बदलून घ्यावीत. परंतु निविदेतल्या पाच-दहा हजारांच्या फरकावरून ज्या सभेत तासभर खल होतो, त्या सभेपुढे हा आकडा येतच नाही, ही गोष्ट तेवढ्याने बदलत नाही.

वरखर्चाचे ०.८ युनिट हे काही विधिलिखित नाही. एक किलोवॅटचा भार असताना ‘पुढे लागेल’ म्हणून दहा केव्हीएचा यूपीएस बसविला जातो, आणि इतक्या अल्प भारावर त्याची कार्यक्षमता घसरते. पाच अश्वशक्तीचा पंप पुरत असता साडेसातचा बसविण्याचा मोह शेतकऱ्याला होतो, त्याला नावे ठेवणारी सुशिक्षित मंडळी स्वतःच्या कचेरीत हेच करतात. वातानुकूलनाचेही तसेच. सर्व्हरची खोली म्हणजे शीतगृह अशा समजुतीने तापमान १८ अंशांवर, क्वचित १६ वरही ठेवलेले असते. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांची मान्यवर संस्था ॲशरे हिने सर्व्हरकडे जाणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश असावे अशी शिफारस २००८ पासून केलेली आहे. म्हणजे २४-२५ अंशांवर यंत्राचे काहीही बिघडत नाही. मात्र याहून फार वर जाण्यातही लाभ नाही. खोली तापली की सर्व्हरचे स्वतःचे पंखे जोरात फिरू लागतात, आणि पंख्यालाही वेगाच्या घनाचा नियम लागू आहे. एका हाताने वाचविलेले दुसऱ्या हाताने जाते. शिवाय शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांना पंचविसाच्या आसपासचे तापमान मानवते, दहा अंश चढले की त्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. साताऱ्याला वर्षातल्या पुष्कळ रात्री बाहेरची हवाच पुरेशी थंड असते. धूळ गाळून ती आत घेण्याची सोय केली तर त्या वेळी वातानुकूलन बंद ठेवता येईल. सांगलीच्या एप्रिलमध्ये हे साधणार नाही.

आणखी एक गोष्ट खर्चाशिवाय करता येण्यासारखी आहे, पण तीच सर्वांत दुर्लक्षित राहते. प्रत्येक सर्व्हरमध्ये वीज आणि वेग यांचा मेळ कसा घालावा हे ठरविणारी एक योजना असते. भार नसेल तेव्हा ठोके मंद करणे, रिकामे गाभे झोपविणे, भार आला की जागे करणे, हे सर्व यंत्र स्वतः करू शकते. तरीही यंत्र बसविणारा माणूस पुष्कळदा ही योजना ‘कमाल वेगा’वर ठेवून निघून जातो. त्याचीही अडचण समजण्याजोगी आहे. झोपलेला गाभा जागा होण्यास क्षणाचा सूक्ष्म भाग लागतो, क्वचित एखादी आज्ञावली त्याने अडखळते, आणि तक्रार आली तर ती त्याच्यावर येते. वीजबिल मात्र त्याच्याकडे जात नाही. शेअर बाजाराच्या यंत्राला तो सूक्ष्म विलंब महागात पडेल. ठेव पावतीवरचे व्याज काढणाऱ्या यंत्राला तो कळणारही नाही. मधली योजना लावून ऊसबिलाच्या एका दिवशी खिडकीवरचा वेग मोजला, तर प्रश्नाचा निकाल त्याच संध्याकाळी लागेल.

यंत्र जुने झाले तरी टाकू नये, ही आपल्याकडची काटकसरीची शिकवण. ती बहुतेक वस्तूंना लागू आहे, सर्व्हरला अर्धीच लागू आहे. पुण्याच्या सी-डॅकने २००८ साली उभारलेला ‘परम युवा’ हा महासंगणक ५४ टेराफ्लॉप्स क्षमतेचा होता. २०१३ साली त्याच संस्थेने ‘परम युवा-२’ सिद्ध केला तेव्हा ही क्षमता पाचशे टेराफ्लॉप्सच्या पुढे, म्हणजे सेकंदाला पाच कोटी-कोटींहून अधिक गणिती क्रियांपर्यंत गेली, आणि लागणारी वीज पूर्वीपेक्षा कमी झाली. अवघ्या पाच वर्षांतला हा फरक आहे. दहा वर्षांपूर्वीचे चार सर्व्हर करतात ते काम आजच्या एका मध्यम यंत्रात, त्याचे चार आभासी भाग पाडून, सहज सामावते. परंतु यंत्र घडविण्यातही वीज, पाणी आणि खनिजे खर्ची पडलेली असतात. तेव्हा जुन्या चाराच्या जागी नवे एक आणि त्याचा एक जोडीदार येत असेल, तरच निर्लेखनाचा ठराव करण्यात अर्थ आहे. जुने चार ‘असू द्यावेत’ म्हणून चालूच ठेवून शेजारी नवे बसविणे, ही दोन्हीकडची हानी.

या सर्व कटकटीतून सुटण्याचा मार्ग म्हणून यंत्रेच गावातून हलविण्याकडे आता ओढा आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची जी योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली, तिच्यात ६३,००० संस्था आणि २,५१६ कोटी रुपये हे आकडे होते. हिशेबाची प्रणाली सामाईक आणि माहितीचा साठा मध्यवर्ती, असे तिचे स्वरूप आहे. विकास सोसायटीच्या सचिवापुढे लहान संगणक राहतो, मोठी यंत्रे दूरच्या माहिती केंद्रात राहतात. विजेच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. अनेकांचा भार एकत्र आला की यंत्रे रिकामी राहत नाहीत, आणि मोठ्या केंद्रांचा यूपीएस-वातानुकूलनाचा वरखर्च लहान खोलीपेक्षा कमी ठेवता येतो. परंतु त्यामुळे बिल नाहीसे होत नाही, ते मासिक भाड्यात मिसळते. आणि स्वस्त झालेली गोष्ट माणूस अधिक वापरतो, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ सालीच कोळशाच्या संदर्भात दाखवून दिले होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील माहिती केंद्रांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा तो दीड टक्का. यंत्रे दरवर्षी अधिक कार्यक्षम होत असताना हा आकडा वाढतो आहे.

ज्या संस्था स्वतःचे यंत्र ठेवणार आहेत, त्यांच्या निविदेत काय असावे हे ठरविण्यास साधनांची उणीव नाही. सर्व्हरचा वेग आणि वीज एकत्र मोजणारी प्रमाणित चाचणी २००७ च्या अखेरीपासून उपलब्ध आहे. तिच्यात यंत्र पूर्ण भारापासून दहा-दहा टक्के उतरत शेवटी पूर्ण रिकामे असताना किती वॅट घेते, अशी अकरा मोजमापे घेतली जातात. अनेक उत्पादकांचे निकाल सर्वांना पाहण्यास खुले आहेत. निविदेत रिकाम्या स्थितीचे, वीस टक्के आणि पन्नास टक्के भाराचे वॅट मागावेत, त्यावरून पाच वर्षांच्या विजेची रक्कम काढावी आणि ती यंत्राच्या किमतीत मिळवून मगच तुलनात्मक तक्ता तयार करावा. लेखापरीक्षकाने यास हरकत घ्यावी असे त्यात काही नाही; तक्त्यात एक रकाना वाढेल.

त्याआधी मात्र स्वतःचा भार ठाऊक हवा, आणि तो विक्रेत्याला विचारून कळत नाही. सर्व्हरच्या खोलीला एक उपमीटर बसवावा. रोज सकाळी कचेरी उघडताना आणि संध्याकाळी बंद होताना त्याचा आकडा वहीत लिहावा, शेजारी प्रोसेसरवरचा त्या दिवसाचा सर्वाधिक भार लिहावा. कनिष्ठ लिपिकाचे हे दोन मिनिटांचे काम आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू होते तेव्हापासून उन्हाळ्यात शेवटची ऊसबिले जमा होईपर्यंत ही वही चालली, तर संध्याकाळपासून सकाळपर्यंतच्या युनिटांचा रकाना दिवसाच्या रकान्यापेक्षा किती भरतो ते संचालकांना बेरजेनेच दिसेल.